तोराजीचं जहाज

कुमेकिची जपानातल्या कुरेच्या गोदीत पोलादी पत्रे जोडणारे रिव्हेट मारायला लागला तेव्हा रशियाशी झालेली लढाई नुकती संपली होती. एक मोठी युद्धनौका बांधायला घेतली होती. त्याने खटपट करून धाकट्या भावालाही, तोराजीला, तिथेच चिकटवलं. तोराजी भट्टीतला लालबुंद रिव्हेट चिमट्याने पुढे करायचा आणि कुमेकिची हातोडा घालायचा.

एका सकाळी तोराजी जहाजाच्या तळातल्या बंद कप्प्यात उतरला. आतली हवा कोंदून विषारी झाली होती. त्याला वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. राख टेकडीवर पुरली, पण म्हातारी आई म्हणायची, "राखेचं काय घेऊन बसलास? पोरगं माझं त्या जहाजातच आहे."

पंधरा-सोळा वर्षं ती नौका समुद्रावर मिरवली. मग वॉशिंग्टनला बड्या देशांचा करार झाला. जुन्या नौका मोडायच्या, नाहीतर बुडवायच्या. ही आपल्याच आरमाराच्या तोफांच्या सरावात बुडणार होती. तिच्यातलं कामाचं सामान काढायला कुमेकिचीच्या टोळीला हुकूम आला.

"अहो, आजारी आहे म्हणून सांगा ना," बायको साओ म्हणाली.

"दुसरे तोराजीजवळ बसून विड्या फुंकतील. मीच जातो."

शेवटच्या दिवशी तो तळाकडे निघाला तसा मुकादम हामाओकाने हटकलं. "कुमे, तिथं काढण्यासारखं काही नाही रे."

"ठाऊक आहे. भेटून येतो."

हामाओकाने आधी पंप लावून हवा खेळती केली, मग कंदील दिला. कुमेकिचीने आंबट आलुबुखार घातलेला भाताचा गोळा तिथे ठेवला. वर आल्यावर कंदील विझवून त्याने हामाओकाच्या हाती दिला.

पुढे कामच उरलं नाही. गोदीने माणसं कमी केली, त्यात तोही गेला. साओबरोबर तो खाडीकाठी कालवं फोडू लागला.

एके दिवशी हामाओका कालवं घ्यायला आला. "कळलं का? गेली आपली बाई. पण काय झुंजली म्हणून सांगू! गोळ्यांवर गोळे घातले, बुडेचना. तुझे रिव्हेट हलले नाहीत, लेका!"

"हलायला हवे होते," कुमेकिची म्हणाला. "लवकर सुटली असती."

हामाओकाचा चेहरा पडला. साओने गुपचूप त्याच्या टोपलीत मूठभर कालवं जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी कुमेकिचीने नौका बुडाल्याचं आईला सांगितलं. म्हातारीने विचारलं, "पाणी खोल आहे तिथं?"

"खूप."

"थंडी वाजेल रे त्याला," ती म्हणाली आणि तोंडावर बाही घेऊन रडायला लागली.

त्या हिवाळ्यापासून कुमेकिची कालवं फोडायला समुद्राकडे पाठ करून बसायचा. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, "वारा लागतो."