बिनपावाचे दिवस

रघुनं स्वयंपाक पोटासाठी केला, हौसेनं कधीच नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या कँटीनमध्ये तो आचारी होता. सकाळी इडली नाहीतर मिसळ-पाव, दुपारी दोन भाज्या, आमटी, भात. भल्यामोठ्या कढईत झारा फिरवून फिरवून त्याचा उजवा खांदा कायमचा धरला होता. चिखलोलीला घरी पोचेपर्यंत त्याला फोडणीचा वाससुद्धा नकोसा व्हायचा. बायको, अंजनी, ताट पुढ्यात ठेवायची, तो मुकाट्यानं जेवायचा आणि आडवा व्हायचा. इतक्या वर्षांच्या संसारात घरच्या गॅसवर त्यानं चहापलीकडे काही केलं नव्हतं.

मग अंजनीचं तोंड आलं.

तिला जुना दमा, त्यात साखरेचा आजार. दम्याचा पंप रोजचाच. आधी जीभ जळजळायला लागली, मग जिभेवर आणि गालांच्या आत पांढरे चट्टे आले. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंड बघितलं.

"बुरशी आहे, ताई. यीस्ट. तोंडात टाकायचे थेंब देतो. पंप घेतला की दर वेळी चूळ भरायची. लेकिन शुगर खाली आली नाही, तर ये फिरसे आएगा."

"खायला काय चालणार नाही?" रघुनं विचारलं.

डॉक्टर एकेक बोट दुमडत गेले. साखर, गूळ, मैदा, पाव, बिस्किटं, इडलीसारखं आंबवलेलं, लोणचं, गोड फळं. भात वाटीभर, त्याहून जास्त नाही.

परतताना रिक्षात अंजनीनं डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "चहात पाव बुडवल्याशिवाय मला सकाळ झाली असं वाटतच नाही हो."

रघुच्या डोक्यात एवढंच चाललं होतं, की आता घरी गेल्यावरही गॅससमोर उभं राहायचं आहे. कारण फोडणीचा ठसका लागला की अंजनीला धाप लागायची, आणि आता तर तिच्या अंगात उभं राहायचीही ताकद नव्हती.

त्यानं सोपा मार्ग काढला. ज्वारीची भाकरी, दुध्याची भाजी, मुगाची आमटी. भाकरी आमटीत कुस्करली की गिळायला मऊ. कामावर जायच्या आधी तो डबा भरून ठेवायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. एक दिवस दुधी, दुसऱ्या दिवशी दुधी, भाजीवालीकडे दुधी नसला तर दोडका. आजाऱ्याचं जेवण असंच असतं, यात त्याला काही वावगं वाटलं नाही. अंजनीनंही तक्रार केली नाही. चट्टे कमी झाले, पण ती वाळत चालली. रघुला वाटलं, औषधांनी होत असेल.

एका दुपारी कँटीनमध्ये वाढप चालू असताना शेजारच्या नूतनचा फोन आला. "काका, काकी मोरीत पडल्यात. लवकर या."

तो एप्रनसकट रिक्षात बसला. पोचला तेव्हा अंजनी भिंतीला टेकून बसली होती, अंग घामानं निथळत होतं. नूतननं तिला साखरपाणी पाजलं होतं, म्हणून ती शुद्धीवर होती. डॉक्टरांनी तपासलं आणि रघुकडेच वळले. "गोळी घेतात आणि जेवत नाहीत. शुगर गिरेगी नहीं तो क्या? घरात कोणी बघत नाही का?"

घरी आल्यावर त्यानं फ्रिज उघडला. सकाळचा डबा जसाच्या तसा. त्याच्यामागे कालचा, झाकणही न उघडलेला. त्याचं डोकं फिरलं.

"दिवसभर आगीपुढे उभा असतो मी! तिथनं येऊन परत तुझ्यासाठी करतो. नि तू हे असं ठेवून देतेस?"

अंजनी कॉटवर पडली होती. तिचा आवाज अगदी बारीक होता. "टाकवत नव्हतं हो. तुम्ही एवढं दमून करता. भूक लागते मला. पण उठले की आठवतं, दुधी आहे. उद्याही दुधीच आहे. मग भूकच मरते."

रघु जमिनीवर बसला. मागे एकदा कँटीनमध्ये एका आठवड्यात दोनदा दुधी झाला होता, तेव्हा कामगारांनी ताटं वाजवली होती. त्यानं निमूटपणे दुसऱ्या दिवशी भरलं वांगं केलं होतं. तिकडे परक्या माणसांना चव हवी, हे त्याला कळत होतं. घरच्या माणसाला फक्त पथ्य हवं, असं तो धरून चालला होता.

"काय खावंसं वाटतं तुला?" त्यानं विचारलं. हा प्रश्न आपण तिला पहिल्यांदाच विचारतोय, हे त्याचं त्यालाच जाणवलं.

"पाव," ती म्हणाली आणि केविलवाणं हसली.

पाव काही तो देऊ शकत नव्हता. पण त्या रविवारी मेथी निवडत दोघांनी मिळून आठवडा ठरवला. मूग वाटून लगेच तव्यावर टाकलेली धिरडी. पीठ रात्रभर ठेवायचं नाही, म्हणजे आंबायला नको. नाचणीचं घावन. बिनगुळाचं भरलं वांगं, दाण्याचं कूट सढळ. एक दिवस अंड्याचा रस्सा, एक दिवस मांदेली. कोबीच्या वाफवलेल्या वड्या. शेवग्याच्या शेंगा अंजनीनं सुचवल्या, त्याला सुचल्या नव्हत्या. सकाळच्या चहाचं मात्र काही केल्या जमेना. बिनसाखरेच्या चहासोबत त्यानं खोबऱ्याच्या पिठाचा पाव करून बघितला, पुण्याहून मुलानं व्हिडिओ पाठवला होता म्हणून. तो मधे ओला राहिला. दोघांनी एकेक घास खाल्ला आणि उरलेला गुपचूप कचऱ्यात टाकला. शेवटी चहासोबत खारे शेंगदाणे आले. अंजनी ते खायची, पण सकाळ झाली असं काही म्हणायची नाही.

डबा मात्र रिकामा होऊ लागला. चेहरा जरा भरला. रघुचा खांदा पूर्वीपेक्षा जास्त ठणकायचा.

गणपतीत अंजनीची बहीण विठा मोदक घेऊन आली. रघु कामावर होता. अंजनीनं एक खाल्ला, मग अजून खाल्ले. आरती झाल्यावर प्रसादाचा शिरा होताच, पुढचे दिवसही तसेच गेले. विसर्जनानंतर तिनं आरशात जीभ बघितली, पुन्हा पांढरे चट्टे, आणि रघु येईपर्यंत तशीच रडत बसली.

"एवढं केलंत तुम्ही. सगळं वाया घालवलं मी."

त्याला राग यायला हवा होता. पण रागवायचं तरी त्राण कुठे होतं? तो तिच्याशेजारी टेकला. "खाल्लेस ना? चांगले होते?"

"फार चांगले होते."

"मग झालं तर. उद्या डॉक्टरकडे जाऊ. थेंब परत सुरू."

थोड्या वेळानं तो उठला. नळाखाली हात धुतले, ओटा पुसला, मूग भिजत घातले. मग आतूनच विचारलं, "सकाळच्या धिरड्याबरोबर काय करू?"

"काहीही करा."

"काहीही नको. नाव सांग."

बाहेर अंजनीनं नाक पुसलं आणि ती म्हणाली, "ओल्या खोबऱ्याची चटणी. मिरची कमी."

रघुनं खवणी काढली आणि नारळ फोडायला घेतला.