ढाळ दाराकडे, टब खिडकीकडे

यवतमाळात नळ कधी येईल याचा भरवसा नसताना मी न्हाणीत टब बसवायला काढला, तेव्हा अख्ख्या गल्लीने माझी टिंगल केली. "आमी पोहाले कवा येऊ वं?" शेजारीण रोज कुंपणावरून विचारायची. मी म्हणायचे, "कवाही ये, पण आपलं पाणी घेऊन ये." मला कुणी हसलं की मी जास्तच हट्टाला पेटते.

टब यांच्यासाठी होता. लकव्याने माझ्या नवऱ्याची उजवी बाजू धरली होती. कोमट पाण्यात हातपाय हलके हलतात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण यांनी मनातून हात टेकले होते. लोहाऱ्याला यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज, एकेक पाना जमवून उभं केलेलं. ते विकायला काढलं होतं आणि नेरचा एकजण महिनाअखेरीस बघायला येणार होता. "असा हात हालते, पाना कसा धरू?" एवढं म्हणायचे अन् भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला ते गॅरेज जाऊ द्यायचं नव्हतं. गॅरेज गेलं की हेही उठणार नाहीत, याची मला धास्ती होती.

जुनी फरशी उखडली, खाली कोबा निघाला. कळंबच्या मिस्त्रीने त्यावर सिमेंटचा थर देऊन टबाची बैठक केली. दुकानदाराने बजावलं होतं, टबाच्या तळालाच उतार असतो, बैठक सपाट पाहिजे. मी मिस्त्रीलाही सांगितलं. पण जन्मभर न्हाण्या बांधलेला हात तो. थापी फिरली की पाणी वाहायला ढाळ आपोआप पडतो. थर वाळल्यावर टब ठेवला, बादलीभर पाणी ओतलं, तर ते दाराकडे जाऊन बसलं. टबाचं भोक खिडकीकडे.

"काही नाही होत, बाई," मिस्त्री म्हणाला. "दाराकडून टबाखाली फरशीच्या दोन कपच्या सरकवतो. वरून सिमेंट मारलं का कोनाले दिसते?"

मी ब्लाउज शिवते. वाकडी रेघ मला सोसत नाही. "मले दिसते," म्हटलं. "पाणी भरलं, माणूस बसला, अन् टब मधातून तडकला म्हंजे? फोडा ते."

"फोडाले सांगता? मंग तुमच्याच हातानं करा!" तो ताडताड निघून गेला. रागाच्या भरात सगळं सामान इथंच विसरला.

बरंच झालं. मी पदर खोचला, छन्नी-हातोडा उचलला आणि थर फोडायला घेतला. आवाजाने हे भिंत धरत धरत दारात आले.

"कायले करून राह्यली एवढं? राहू दे ना."

"राहू कायले देऊ? ही पाईप धरा."

मिस्त्रीची लेव्हलची पाईप म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिची दोन टोकं दोन भिंतींना धरायची, आणि पाणी थांबेल त्या उंचीवर दोन्हीकडे खूण करायची. टोक हललं की पाणी वरखाली होतं. यांनी ते डाव्या हातात घेतलं. मग काय मनात आलं कोण जाणे, उजव्या हातात घेतलं आणि मनगट भिंतीला टेकवलं. पाणी नाचायला लागलं. मी माझ्याकडचं टोक घट्ट धरून ठेवलं.

"थांब," हे दात आवळून म्हणाले. "थांब जरा... हं, मार आता खूण."

चारही कोपऱ्यांत खुणा झाल्या. मी सिमेंटचा माल कालवून थर ओढायला लागले, तर हे गॅरेजातल्या आवाजात ओरडले, "पट्टी सरळ धर! शिवणकाम नाही हे!" आजारपणानंतर पहिल्यांदा मला झापलं यांनी. इतका आनंद झाला की उलट उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

थर पक्का वाळला तेव्हा मिस्त्री सामान न्यायला आला. त्याच्याकडूनच टब ठेवून घेतला, पाणी ओतलं. सरसर खिडकीकडे गेलं सगळं. त्याने चारही कडा दाबून पाहिल्या. टब जागचा हलेना.

"कोनता मिस्त्री आनला होता, बाई?"

मी तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला, "पाईप मी धरली होती. बाकी सगळं हिनं केलं."

 मिस्त्रीसमोर रडायला नको म्हणून मी बादली उचलून अंगणात गेले.

नळ जोडल्यावर टब कोमट पाण्याने भरला. हे छातीपर्यंत पाण्यात बसले, उजवी मूठ उघडत-मिटत राहिले.  मग म्हणाले, "त्या नेरवाल्याले फोन लाव. सांग, गॅरेज द्याचं नाही."