दुनळी विकून जसोंडीला गेलो

फौजेतून सुटल्यावर माझी पहिली पोस्टिंग बुऱ्हाणपुरातल्या एका बँकेच्या दारात झाली. पोस्टिंग हा माझा शब्द. एजन्सीवाला त्याला ड्युटी म्हणायचा. पेन्शनवर आलेल्या फौजीला आमच्याकडे दोनच कामं मिळतात. पंधरा ऑगस्ट-सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी ओढायची, नाहीतर गनमन व्हायचं. दोरीचं काम वर्षातून दोनदा असतं, म्हणून मी गनमन झालो. गनमनला बंदूक स्वतःची आणावी लागते. लायसन काढलं आणि खंडव्याच्या दुकानातून बारा बोअरची जुनी दुनळी घेतली.

सकाळी साडेनऊला ड्युटीवर हजर. खांद्यावर बंदूक, छातीवर काडतुसांचा पट्टा, दाराशी प्लास्टिकची खुर्ची. दिवसभरात चार जण तरी विचारायचे, "भरेल हाय का?" मी म्हणायचो, "हाय." मग ते दोन पावलं लांबून जायचे. गनमनचं खरं काम म्हाताऱ्या बायकांच्या विड्रॉल स्लिपा भरून देणं, हे पहिल्या महिन्यातच कळलं. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागायची. त्या दिवसांत हातात डंडा घेऊन बसायचो आणि पाठ दुखायची थांबायची.

बँकेच्या दारात त्या बंदुकीतून एकही बार निघाला नाही. वर्षातून एकदा दोन बार निघायचे, ते जसोंडीत.

जसोंडी हे भागवतचं गाव. मी बहादरपूरचा. फौजेत दोघादोघांची जोडी लावतात, तिला बडी म्हणतात. एक झोपला की दुसऱ्यानं जागायचं. एकाची बाटली रिकामी झाली की दुसऱ्याची अर्धी त्याची. भागवत माझा बडी होता. कंपनीत सातारा-कोल्हापूरकडची पोरं जास्त. आमची मराठी ऐकून ती म्हणायची, "ही गाडी बरोबर निघाली, मधेच हिंदीत कशी घुसली?" भागवत त्यांना सांगायचा, "आमच्याकडं डबल लाइन हाय भो." कष्टाळू आणि सुस्वभावी माणूस. फक्त एक खोड होती. जेवताना मधे बोललेलं त्याला चालायचं नाही. ताट पुढ्यात आलं की तो आणि ताट.

तो वरती, पहाडात गेला. तिरंग्यातून गावी आला. बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर अस्थी तापीत सोडल्या तेव्हा मी सुट्टीवर आलो होतो. अंत्यसंस्काराच्या वेळी बटालियनच्या तुकडीनं बंदुकांची सलामी दिली होती. त्याचे वडील, नाना, ते विसरले नाहीत.

मी पेन्शनवर आलो, बंदूक घेतली, आणि त्याच वर्षी नाना बँकेत आले. पासबुक बाजूला ठेवून म्हणाले, "फौजी, त्याच्या दिवशी ये. दोन बार काढ. सरकारनं एकदा काढले. मी दरसाल काढीन."

कायद्यात हे बसत नव्हतं. मी तसं सांगितलं. नाना म्हणाले, "तुह्या बडीसाठी सांगतो, मह्यासाठी नाई."

तेव्हापासून दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला गेलो. गावाच्या तोंडाशी स्मारक आहे. चौथरा, त्यावर भागवतचा फोटो, मागे फ्लेक्सचा बोर्ड. बोर्डवर लिहिलेलं, तीन अतिरेक्यांना ठार करून वीरमरण. ते कोणी लिहवून घेतलं मला माहीत नाही. त्या सकाळी भागवतच्या जवळ फक्त मी होतो आणि बोर्डसाठी मला कोणी विचारलं नव्हतं. नाना आल्यागेल्याला सांगायचे, "तीन लोळवले मह्या पोरानं." मी हार घालायचो, सावधान उभा राहायचो, केळीच्या बागेकडे नळ्या वर करून दोन बार काढायचो. टाळ्या व्हायच्या. चहा घेऊन मी निघायचो. घर चौथऱ्यासमोरच, पण घरात कधी गेलो नाही. त्याच्या आईसमोर बसायची माझी तयारी नव्हती, हे सरळ सांगतो.

गेल्या वर्षी बार काढून मी मोटरसायकलला किक मारणार, तेवढ्यात माय मागून चालत आली. भागवतची आई. गाव तिला मायच म्हणतं. तिने बंदुकीकडे पाहिलं नाही.

"एकनाथ, हे नको आनत जाऊ."

"नाना बोलावतात, माय."

"ते बोलावतीन. त्याहिले मी सांगितलं त ऐकत नाई. जो आवाज मले ऐकाले पायजे होता तो तिकडं झाला, मले ऐकू नाई आला. आता हा कायले ऐकू? अंगावर काटा येते रे. दार लावून घेते त दारातूनबी येते."

मी हो म्हणालो. पण नानांना नाही कसं म्हणायचं, हे मला सुचेना. बंदूक माझ्या घरात आहे तोवर नाना मागणार आणि मी नेणार. त्यांच्यापुढे माझं कधी चाललेलं नाही. मग ठरवलं, बंदूकच नको.

अर्ज दिला, परवानगी आली, आणि दुनळी घेऊन परत खंडव्याच्या त्याच दुकानात गेलो. तिथे दोन-तीन शौकीन नेहमी बसलेले असतात. त्यांतले एक जंगलचे जुने ठेकेदार. मी विकायला आलोय कळल्यावर त्यांनी बंदूक मांडीवर घेतली, लाकडी कुंद्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "फौजी, पछताओगे. वडिलांची रायफल मी विकली, आजही झोपेत तिचा बोल्ट ऐकू येतो." दुकानदारानं मान डोलावली. बंदूक विकून हळहळणारी माणसं त्याला रोज भेटत असावीत.

मला काही वाटलं नाही. लोकांना हे पटत नाही. फौजी माणूस, शस्त्राची माया असणारच, असं त्यांना वाटतं. आमच्या बँकेतच दुसऱ्या शिफ्टला सोळंकी होता, तोही माजी सैनिक. त्यानं बंदूक विकून म्हैस घेतली. विचारलं तर म्हणायचा, "म्हैस दूध तरी देते. बंदूक नुसती तेल पीत होती." फौजेत रायफल आपली नसते. सकाळी कोतमधून, म्हणजे शस्त्रांच्या कोठीतून काढायची, काम झालं की पुसून कोतमध्ये जमा करायची. आज माझ्या हातात, उद्या दुसऱ्याच्या. दुनळी काउंटरवर ठेवली तेव्हा मला तेवढंच वाटलं, जमा केली. बसमध्ये खिडकीशी बसलो आणि बुऱ्हाणपूर येईपर्यंत झोपलो.

बँकेची ड्युटी अर्थात गेली. एजन्सीवाला म्हणाला, "गन नाही तर गनमन कसला?" बरोबर होतं त्याचं. आता पॉवरलूमच्या कापडाच्या गोदामावर दिवसपाळी करतो.

यंदा भागवतच्या दिवशी जसोंडीला मोकळ्या हातानं गेलो. नाना चौथऱ्यापाशी उभे होते. त्यांनी आधी मोटरसायकलच्या मागे पाहिलं, मग माझ्या खांद्याकडे.

"बंदूक?"

"विकली, नाना."

"कायले? अडचन होती त मले सांगतं."

"अडचण नव्हती."

जमलेले लोक कुजबुजायला लागले. मी हार घातला, सावधान झालो, सॅल्यूट केला. मागे बाग होती, पानं हलत होती, बाकी आवाज नव्हता. लोक पांगले. नानांनी टोपी काढून परत घातली. "म्हंजे आता मह्या पोराचं काहीच नाई," ते म्हणाले. रागावून नाही, हिशोब संपल्यासारखं. ते मला लागलं. त्या माणसाकडे वर्षातले तेच दोन बार होते आणि ते मी विकून आलो होतो.

घराच्या दारातून मायने हाक मारली. "एकनाथ, घरात ये."

नानांच्या मागून पहिल्यांदा मी त्या घरात गेलो. ओसरीत केळीची पानं मांडली होती. भात, वरण, गंगाफळाची भाजी, गिलक्याची भजी, खीर. पानं चार होती. घरात माणसं दोन.

"पाव्हणे येणार आहेत का?" मी विचारलं.

माय म्हणाली, "एक त्याचं. तीन त्या तिघांचे."

"कोणत्या तिघांची?"

"बोर्डावर हायेत ते. त्या तिघाहिलेबी आपापली माय असंन. तिले कोनं सांगितलं असंन, कोनत्या दिवशी वाढाचं. मह्या पोरानं मारले, त मी वाढते."

नाना भिंतीकडे तोंड करून बसले. हे त्यांना माहीत होतं आणि आवडत नव्हतं, हे दिसत होतं.

"तू होता ना तिथं," माय म्हणाली. "ते तिघं कसे होते? लहान होते का?"

आजवर मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे मला बार काढायला सांगत होते. मी खाली बसलो आणि रिपोर्ट देतात तसं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं मला सांगता आलं नसतं.

पहाटे आम्ही त्या गावाला कॉर्डन, म्हणजे वेढा घातला. मी आणि भागवत नाल्याच्या बाजूला, स्टॉप थ्री. म्हणजे घरातून कोणी पळालं तर अडवायचं. दगडी बांधाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. वायरलेस सेट माझ्याकडे. उजाडल्यावर घरांची झडती सुरू झाली. सात वाजून गेले असतील. एका घराच्या मागच्या दारातून एक माणूस बाहेर आला. सेटवर कंपनी कमांडर विचारत होते.

"स्टॉप थ्री, रिपोर्ट."

"एक बंदा निकला है. हथियार है. नाले की तरफ आ रहा है."

"फायर."

अक्रोडाच्या झाडाआड तो मला दिसेनासा झाला. भागवतला स्वच्छ दिसत होता. त्यानं रायफल खांद्याला लावली. तेवढ्यात नाल्यातल्या गोठ्याकडून एक म्हातारी वर आली. डोक्यावर दुधाचं भांडं. ती दोघांच्या बरोबर मध्ये.

भागवत माझ्याकडे ओरडला, "एकनाथ, माय हाय मधी!"

मग तो उठून उभा राहिला. स्टॉपवर उभं राहायचं नसतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हात खाली करून तिला ओरडला, "बैठ जाओ, माई! बैठ जाओ!" ती बसली. ती बसल्यावर समोरच्याला भागवत मोकळा दिसला. समोरच्यानं फायर केला.

"स्टॉप थ्री, रिपोर्ट."

"एक कॅज्युअल्टी. अपना."

तो माणूस पुढे पळाला, त्याला दुसऱ्या स्टॉपच्या मशीनगननं टिपलं. आणखी दोघे घरात होते, ते दुपारपर्यंत संपले. स्ट्रेचर येण्याआधीच भागवत गेला होता. काही बोलला नाही. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. म्हातारी सांडलेल्या दुधात तशीच बसून होती.

संध्याकाळी दोन रायफली मी कोतमध्ये जमा केल्या, माझी आणि त्याची. कोत सांभाळणाऱ्या एनसीओनं भागवतचं मॅगझिन काढलं, चेंबरमधली गोळी काढली, गोळ्या मोजल्या. सगळ्या पुरत्या. सकाळी घेतल्या होत्या तेवढ्याच.

"म्हंजे?" माय म्हणाली.

"म्हणजे त्यानं गोळी चालवलीच नाही, माय. एकही नाही. ते तिघे त्याच्या हातानं गेलेले नाहीत. कोणीच नाही."

नाना वळले. "एकबी नाई?"

"एकही नाही, नाना."

मला वाटलं, आता हे मला उठून जायला सांगणार. बार गेले होते आणि आता तीनही गेले होते. नानांनी विचारलं, "ते म्हतारी वाचली?"

"वाचली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर येऊन बसली होती. आम्ही हाकललं तरी हालली नाही."

नाना म्हणाले, "मंग हे नाई लिहाचं का रे बोर्डावर?"

मी खाली पानाकडे पाहिलं. मला रडू आलं नाही. मला हल्ली येत नाही. पण बरं वाटलं, एवढं खरं.

माय उठली. तिने एकेक करून तीन पानं उचलली. एक नानांपुढे ठेवलं, एक माझ्यापुढे, एक स्वतःच्या जागेवर. "अजून पानी नाई फिरवलं," ती म्हणाली. "उष्टे नाई झाले. जेवा."

मग तांब्या घेऊन ती राहिलेल्या पानापाशी बसली. त्याच्याभोवती तिने पाणी फिरवलं, हात जोडले आणि त्या पानाला म्हणाली, "जेव रे बाबा. आता तुह्या पंगतीले कोनी नाई. निवांत जेव."

आम्ही जेवलो. मधे कोणी बोललं नाही.