त्याचा अख्खा उन्हाळा आणि माझे तीस दिवस

तमाम मराठी बांधवांस या जाहीर निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कतारमधल्या दोहा शहरातल्या एका युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथपालास, म्हणजे अस्मादिकांस, गेली अनेक वर्षं पोटदुखी आहे. डॉक्टरांचा इलाज नाही. हे दुखणं आमच्या एचआरच्या हँडबुकात छापलेलं आहे.

हँडबुकानुसार कर्मचाऱ्यांचे गट दोन. अकॅडमिक गटाला अख्खा उन्हाळा सुट्टी. अ‍ॅडमिन गटाला वर्षाला तीस दिवस, तेही साहेबांच्या मर्जीने. ग्रंथपाल अ‍ॅडमिनमध्ये. आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोब्बर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा, फिजिक्सच्या लॅबमध्ये मुलांना प्रयोग दाखवणारा, माझ्याबरोबर एकाच दिवशी रुजू झालेला माझा पुणेकर मित्र मात्र अकॅडमिक!

जून उजाडला की हा हात हलवून अरबी थाटात म्हणणार, "यल्ला, चला, सप्टेंबरमध्ये भेटू!" दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ह्याचा फोटो: सिंहगड, पिठलं-भाकरी. तिसऱ्या दिवशी मेव्हण्याकडचा आमरस. माझी बायको आणि लेकही शाळा सुटली की नाशिकला जायच्या. मागे मी, वाचनालयातल्या रिकाम्या खुर्च्या आणि एसी. फोटोला लाइकचा अंगठा द्यायचो, आणि झूम करून वाटीत आमरस किती आहे तेही बघायचो.

त्या वर्षी मात्र दुखणं विकोपाला गेलं. लेकीची बारावी संपत होती, सप्टेंबरात ती शिकायला कॅनडाला जाणार. तिघांनी मिळून नाशिकला घालवायचा तो शेवटचा उन्हाळा, आणि माझ्या हातात तीस दिवस. मी हँडबुक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. इतक्या भक्तिभावाने मी लग्नाची पत्रिकासुद्धा वाचली नव्हती. त्यात सापडलं, की विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या कर्मचाऱ्याला गट बदलण्यासाठी अर्ज करता येतो. मी शिकवत होतोच की! संदर्भ कसे शोधायचे, प्रोजेक्टमध्ये ते कसे द्यायचे. दोन आठवडे बसून फॉर्म भरला.

"या फॉर्मसाठी घातलेत तेवढे कष्ट पीएचडीला घातले असतेत, तर आज डीन असतात," बायको म्हणाली.

"बाबा, इट्स जस्ट अ हँडबुक," लेक म्हणाली.

अर्जाची सुनावणी तीन जणांच्या समितीपुढे. एक एचआर मॅनेजर मॅडम, एक डीन, आणि नियमाप्रमाणे, ज्या गटात जायचंय त्या गटाचा एक प्रतिनिधी. त्या वर्षीचा प्रतिनिधी कोण, हे मला लिफ्टमध्ये कळलं.

"अरे, तुझ्या समितीवर मीच आहे," माझा मित्र म्हणाला. "पण मी अगदी निष्पक्ष राहणार हं. उगाच आशा लावून बसू नकोस."

सुनावणीला तो सूट घालून आला. लॅबमध्ये ज्याने कधी साधी बाहीची गुंडी लावली नाही, तो टाय लावून! समोर कोरा कागद, हातात पेन. मी आत गेलो तशी त्याने मान अशी काही हलवली, की जणू आमची पहिलीच भेट.

निकाल आत्ताच सांगून टाकतो. गट बदलला नाही. पण मॅडमनी त्याच हँडबुकातलं, माझ्या नजरेतून निसटलेलं एक कलम काढलं आणि मागच्या वर्षीची उरलेली सुट्टी जोडून दिली. तो उन्हाळा आम्ही तिघांनी नाशिकला काढला. तिथून मी त्याला रोज फोटो पाठवले, वाटी भरलेली दिसेल असे.

पण कॉलेजच्या कँटीनमध्ये अजून सांगतात तो किस्सा निकालाचा नाही. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला अकॅडमिक गटात का यायचंय?" माझं उत्तर पाठ होतं: ज्ञानाचा प्रसार, विद्यार्थ्यांचं भवितव्य, वगैरे. मी घसा खाकरला. तेवढ्यात समितीच्या प्रतिनिधींनी मला धीर द्यायला मंद स्मित केलं, आणि माझं सगळं इंग्रजी उडालं. जे तोंडातून निघालं ते अस्सल मराठीत. डीन आणि मॅडम दोघंही भाषांतरासाठी त्याच्याकडे वळले, आणि टायची गाठ सैल करत त्याला ते शब्द न् शब्द सांगावं लागलं:

"मॅडम, हा जूनमध्ये जातो, सप्टेंबरात येतो, आणि दर वर्षी ह्याच्या बॅगा गाडीत घालून ह्याला एअरपोर्टवर सोडायला मी जातो!"