अण्णांचा डावा पाय

माझे वडील, अण्णा, नाशिकहून त्र्यंबकेश्वरला भाविकांची काळी-पिवळी जीप चालवायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांची शुगर वाढली आणि डाव्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका संध्याकाळी घरात आले तर डावा पाय अनवाणी.

"अण्णा, चप्पल?"

त्यांनी खाली पाहिलं आणि बघतच राहिले. चप्पल जीपमध्ये क्लचपाशी पडली होती.

पुढे थोड्याच दिवसांनी अंजनेरीच्या अलीकडे रस्ता तुंबला होता. पहिला गिअर टाकून, क्लच दाबून ते थांबले होते. निदान त्यांना तसं वाटत होतं. पाय कधी घसरला ते कळलंच नाही. जीपने उडी मारली ती थेट पेरूच्या हातगाडीवर. पेरूवाली नुकतीच बाजूला झाली होती, म्हणून वाचली. त्या दिवशी जीप दुसऱ्याच ड्रायव्हरने घरी आणली. अण्णा मागे, पॅसेंजरच्या सीटवर बसून आले.

सकाळी मला म्हणाले, "पोरी, तू शिक. घरात कुणाला तरी गाडी यायला पाहिजे."

इंदिरानगरकडे तेव्हा मोकळे प्लॉट होते. तिथे शिकवणी सुरू झाली.

"क्लच पूर्ण दाब. आता हळू सोड. गाडी थरथरली की पाय तिथंच धर."

गाडी पुन्हा पुन्हा बंद पडायची. ते ओरडायचे. चढावर हँडब्रेक कसा सोडायचा, ते शिकवलं. चालवताना क्लचवर पाय टेकवला की गुडघ्यावर चापट बसायची. "आणि उतारावर न्यूट्रल करायचं नाही. डिझेल वाचवायला गेलेली माणसं मी दरीत बघितलीत. खालच्या गिअरमध्ये उतर."

हळूहळू हात बसला. पण अण्णांचं लक्ष रस्त्याकडे नसायचं, माझ्या पायाकडे असायचं. एकदा म्हणाले, "पेडल वर येताना तळव्याला लागतं का तुझ्या?"

"लागतं."

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्याच पावसाळ्यात त्यांच्या तळव्यात काहीतरी घुसलं. त्यांना ते कळलंच नाही. आईला वास आला तेव्हा फार उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यातून त्यांना मीच जीपने आणलं. ते शेजारी बसले होते. मी गिअर बदलला की त्यांची डावी मांडी हलायची. दोन-तीनदा तसं झाल्यावर त्यांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. सिग्नलला माझ्याकडून गाडी बंद पडली, मागे हॉर्न सुरू झाले. मी शिवीची वाट पाहिली. ते मांडी दाबूनच बसले होते. घर आल्यावर एवढंच म्हणाले, "यापुढं मला पुढं बसवू नको."

जीप देवळ्याच्या एका माणसाने विकत नेली. त्याने गिअर टाकताना झालेली खरखर घरात ऐकू आली.

"अर्धाच दाबतोय," अण्णा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

आई पदर तोंडाशी धरून आत गेली. मी दारात उभी राहिले. जीप कोपऱ्यावरून वळली.

नंतर ते चार-पाच वर्षं जगले. लायसन्स मिळालं म्हणून मी दाखवायला गेले तर "ठेव" म्हणाले, हातात घेतलं नाही. दवाखान्यात रिक्षाने न्यायचो. रिक्षात बसल्यापासून उतरेपर्यंत ते डोळे मिटून असायचे. झोपलेले नसत. पोचलो असं सांगितलं तरी पुष्कळ वेळ उघडत नसत.