पाकिटावरचं इंग्रजी

एका हातात वही आणि दुसऱ्या हातात मिठाचं पाकीट घेऊन मी उभी होते. समोर आमच्या शाळेचे संचालक, बाजूला मुख्याध्यापिका, सोफ्यावर दोन पाहुणे. आधी संचालक हसले. मग सगळेच.

"ताई तो सच में नमक लेके आ गयी!"

मी सांगत होते, "सर, एकही पाकीट कमी नाई. कोणी नेलं, कवा नेलं, सगळं लिहून आहे. मिठाले पाणीबी सुटलं नाई, पाहा." मी जितकं सांगितलं तितके ते हसले. एका पाहुण्यानं डोळे पुसले. दारातून बाहेर पडताना मागून ऐकू आलं, "सो स्वीट." तेही खाण्यातलंच.

वर्ध्याजवळच्या एका निवासी शाळेत मी मुलींच्या स्वयंपाकघराची कोठी सांभाळते. अकरा वर्षं झाली. माहेर वडनेर, राहते बोरगाव मेघेला. शिक्षण बारावी. काम यादीनं करते. आणायचं काय, संपत आलं काय, परत काय करायचं. इंग्रजी येतं ते पाकिटांवरचं. सॉल्ट, शुगर, बेस्ट बिफोर.

आदल्या दिवशी माझ्या कामाच्या वार्षिक शेऱ्याचा कागद आला होता. सही करून परत द्यायचा. सगळा इंग्रजीत. शेवटी संचालकांच्या अक्षरात पेनानं एक ओळ: नॉट वर्थ हर सॉल्ट. 'नॉट' कळलं. 'हर' कळलं. सॉल्ट तर रोजचं. मधला एक शब्द अडला. म्हणजे मिठात माझी काही चूक धरली. मीठ चोरलं म्हणतात की काय? आमच्याकडे मिठाचा आळ साधा नसतो. मी जेवले नाही. कोठीतलं सगळं मीठ खाली काढलं, पुन्हा लावलं. आणि सकाळी पुरावा घेऊन गेले.

हसं झाल्यावर मी इंग्रजीच्या मॅडमना गाठलं. त्या हसल्या नाहीत.

"ताई, मिठाले काही झालं नाई. इंग्रजीत तशी म्हण आहे."

"काय म्हण आहे?"

"खाल्ल्या मिठाच्या लायकीची नाई, असं."

म्हणजे आळ होताच. चोरीचा नाही, लायकीचा. आणि कशामुळे तेही मला माहीत होतं. गेल्या महिन्यात संचालकांच्या घरच्या कार्यक्रमाला तुपाचे दोन डबे मागायला माणूस आला. चिठ्ठी नव्हती. मी दिले नाहीत. मुलींचं तूप होतं ते.

मी वहीचं शेवटचं पान उघडलं. "मॅडम, अशा अजून कोणकोणत्या आहेत? सांगा, लिहून घेतो मी."

त्या सांगत गेल्या. पीस ऑफ केक म्हणजे अगदी सोपं काम. हे संचालक आमच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांना नेहमी म्हणायचे, तव्यांपुढे घामानं भिजलेल्या बायांकडे हात करून. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा पोळ्या करणारी रखमा मला कोपरानं ढोसून म्हणाली होती, "केक कवा येते वं?" आठवडाभर वाट पाहिली आम्ही. स्मॉल पोटॅटोज म्हणजे किरकोळ माणसं. हेही ऐकलेलं. ते ऐकून मी मोठे बटाटे मागवले होते.

मग मीच विचारलं, "अन् बॅड ॲपल?"

"एक सडका माणूस बाकीच्याइले सडवते. त्याले काढून टाका, असं."

पेन थांबलं.

कमल आमच्याच स्वयंपाकघरातली, तळेगावची. तिनं एका मुलीच्या वडिलांना सांगितलं होतं की डाळीत कीड आहे. होतीच. माझ्या यादीत 'डाळ परत करणे' दोनदा लिहिलं होतं, वरून दोन्ही वेळा होकार आला नाही. दोन दिवसांनी संचालक स्वयंपाकघरात आले आणि मुख्याध्यापिकांना म्हणाले, "बॅड ॲपल. थ्रो इट आउट." कमल तिथंच होती, हात पिठाचे. मी लगबगीनं पुढे झाले. "हो सर, आजच काढतो." फळांची पेटी उपसली. तीन सफरचंदं फेकली. यादीवर टिकमार्क केला.

शनिवारी कमलला काढलं. जाताना ती म्हणाली, "ताई, तुमी तं हो म्हटलं."

मला वाटलं, रागात काहीही बोलते. इंग्रजी तिलाही येत नव्हतं. पण ते कोणाकडे पाहून बोलत होते, ते तिनं पाहिलं होतं. मी यादीकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सहीसाठी बोलावणं आलं.

"ताई, साइन कर दो. नाराज झाल्या का? मजाक होती ती."

"हे मराठीत लिहून द्या सर."

"अरे, मराठीत त्यात मजा नाही राहत."

"तुमची मजा असन, माही नोकरी आहे. कोणत्या कामाले मी नालायक, मराठीत लिहा. मंग त्याच्या खाली मी लिहीन. तुपाचं. डाळीचं. कमलचं."

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"और नहीं लिखा तो?"

"तं सहीची जागा कोरी राहीन."

कागद अजून माझ्याकडे आहे. मराठीत लिहून आलेलं नाही, सही मी केलेली नाही. काढतील कदाचित. काढोत. पण का काढलं, ते मला समजेल अशा भाषेत सांगावं लागेल त्यांना.

सफरचंदांची ती नोंद मी खोडली नाही. समोर लिहिलं, 'इथे मी चुकले.' रविवारच्या यादीत एकच काम आहे. तळेगावला जायचं आणि कमलला सांगायचं की मी कशाला हो म्हटलं होतं. ऐकून तिनं दार लावलं तरी चालेल. डाळीच्या नोंदीची पानं तिच्या हातात देऊन येईन.

न कळलेल्या शब्दाला 'हो सर' म्हणणं संपलं.