राणीचं काम भाऊरावला

मैत्रिणींनो, मुलींच्या खोलीतल्या फळ्यावर हे चिकटवते, कारण जीव जळून राह्यला.

आज कॉलेजात ग्रीक शोकांतिकेची तालीम होती. राणीचा विलाप मी पाठ केलता. सर म्हणाले, "ग्रीसमध्ये बायांची कामं पुरुषच करत. राणी भाऊराव होईल. शकू, तू पडदा ओढ."

महाराष्ट्र राज्य नवं झालं, नियम मात्र जुन्या ग्रीसचा!

दिग्रसच्या भाऊरावला रडताच येईना. सगळे हसले, शोकांतिकेचं प्रहसन झालं. शेवटी तोच माझ्याकडे आला. "शकू, मले जमत नाही. दाखवून दे ना."

राणीच्या मेलेल्या लेकासाठी मी रडून दाखवलं. सरांनी डोळे पुसले अन् म्हणाले, "भाऊराव, अगदी असंच कर."

तुम्ही माझ्या जागी असत्या तर दाखवलं असतं काय?